सासूबरोबर जयपूरच्या हवेलीत

कासुर्डी

डीलर टूर म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्या मिस्टरांचं यवतला बी-बियाण्यांचं दुकान आहे. ठरवून दिल्यापेक्षा जास्त माल खपवला की बियाण्याची कंपनी डीलरला जोडीनं फिरायला नेते. एकदा गोवा झालं होतं. त्या वर्षी जयपूर निघालं. गावात नुकते मोबाईल आले होते तेव्हाची गोष्ट. उतरायची सोयही साध्या लॉजवर नव्हती. जुन्या शहरात एका जवाहिऱ्याची हवेली होती, ती दुरुस्त करून तिचं भारीतलं हॉटेल केलेलं, तिथं.

निघायच्या आठवड्यात मिस्टर मोटारसायकलवरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. तिकिटं निघालेली होती. मिस्टर म्हणाले, "तू आईला घेऊन जा. ती जेजुरी आणि मार्केट यार्ड सोडून कुठं गेलीय?"

त्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मिस्टर सातवीत असताना सासरे गेले. तेव्हापासून आत्यांनी झेंडू, शेवंती आणि गुलछडी पिकवून, पहाटेच्या टेम्पोनं पुण्याला नेऊन, दोन मुलं वाढवली. मी या घरातली पहिली ग्रॅज्युएट. माहेरचीही पहिलीच. माहेर मांडवगण फराटा, कॉलेज शिरूरचं, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. त्यामुळं घरात काही अडलं की सगळे म्हणतात, "तू शिकलेली, तू सांग." आणि सांगितलं की म्हणतात, "शिकलीस म्हणून काय झालं?"

तसंच नुकतं झालं होतं. धाकट्या दिराचं, बाळूभाऊजींचं, लग्न महिन्यावर आलं होतं. सुपारी फुटली त्या दिवशी आत्यांच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे मोठ्या आत्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देवकाला आमी दोघं बसतो. हळदीचं बी मीच बघते. हौसाला काय हात लावता यायचा न्हाई."

मी म्हणाले, "भाऊजींना हळद आत्याच लावतील. आईनं नाही लावायची तर कुणी लावायची?"

बैठकीतली माणसं चहाच्या बशीत बघायला लागली. मोठ्या आत्यांच्या आधी बोलल्या त्या माझ्याच आत्या.

"वैशे, तू गप बस. हळदीला इधवेचा हात लागला आन् पोराच्या जिवाला कमी-जास्त झालं, तर तू भरून देणार हाईस का?"

हे पोटात घेऊन आम्ही दोघी दौंड स्टेशनला गाडीत बसलो. प्रवास लांबचा होता, त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. आत्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. ती मध्य प्रदेश संपेपर्यंत पुरली. आमच्यात बोलणंही तेवढंच झालं: घे, नको, खिडकी लाव.

दारात

जयपूरच्या जुन्या शहरात घरांना एकच रंग दिलेला आहे, आपल्याकडच्या गेरूसारखा, जरा फिका. बस गल्लीत जाईना, म्हणून सगळे डीलर आणि त्यांच्या बायका बॅगा घेऊन पायी निघालो. दोन्ही बाजूंना रजयांची दुकानं, लाखेच्या बांगड्या तापवून वळणारे कारागीर, वर तारांना अडकलेले पतंग. गल्ली अशी की समोरून गाय आली तर आपण दुकानात चढायचं.

हवेलीचं दार हत्ती जाईल एवढं. पण ते उघडत नाहीत. त्याच्या पोटात एक छोटं दार आहे, त्यातून वाकून आत जायचं. बाहेर उघडं गटार आणि हॉर्न, आणि आत पाऊल टाकलं की एकदम गार. चुन्याच्या भिंती अंड्याच्या कवचासारख्या गुळगुळीत, त्यांवर निळी-हिरवी वेलबुट्टी, मधे चौक, चौकात कारंजं. कोपऱ्यात फेटेवाला एक म्हातारा तंतुवाद्य वाजवत होता. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं आणि तोही कुणाकडं बघत नव्हता.

छोट्या दाराच्या आतच घागरा-ओढणीतली एक मुलगी ताट घेऊन उभी होती. छातीवर नावाची पट्टी, किरण. वाकून आत येईल त्याला ओवाळायचं, टिळा लावायचा, गळ्यात झेंडूची माळ घालायची, हात जोडून "खम्मा घणी" म्हणायचं. वाकलेलं माणूस वर होईस्तोवर तिचं बोट कपाळाला लागलेलं असायचं. माझं झालं. मी बॅग उचलायला वळले. पुन्हा बघते तो आत्यांच्या कपाळावर बोटभर लांब टिळा, त्याला चिकटलेले तांदूळ, आणि गळ्यात माळ.

आत्यांच्या एका हातात बोचकं होतं आणि दुसरा चौकटीवर. त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका आहे. सासरे गेल्यावर कुंकू गेलं, गोंदण राहिलं. टिळा नेमका त्या ठिपक्यावर बसला होता.

आमच्या मागं निमोण्याचे डीलर भगवानराव आणि त्यांच्या मंडळी शकुमावशी होत्या. शकुमावशी म्हणजे मोठ्या आत्यांची सख्खी धाकटी बहीण. म्हणजे इथं जे होईल ते आमच्या आधी कासुर्डीला पोचणार होतं.

आम्हाला सोफ्यावर बसवून केवड्याचं सरबत दिलं. आत्या सोफ्याच्या अगदी काठावर बसल्या. हळूच म्हणाल्या, "वैशे, किती लावलंय गं?"

"बोटभर. वर तांदूळ."

"पुसू का?"

"तुमची मर्जी." घरी एकदा बोलून बघितलं होतं, पुन्हा सांगायला जाणार नव्हते.

त्यांनी सरबताचा एक घोट घेतला. "दारात मानानं लावलेलं दारातच पुसायचं म्हंजी त्यांच्या तोंडात मारल्यागत हाय. ऱ्हाऊ दे. सकाळच्या आंघोळीत जाईल आपसूक."

तेवढ्यात शकुमावशी येऊन बसल्या. "हौसाक्का, पुसा की ते. पोराचं लगीन तोंडावर आलंय."

"घर त्यांचं, रीत त्यांची, शकू. तुझंच बघ आधी, घामानं नाकाच्या शेंड्यावर आलंय."

शकुमावशींनी रुमाल काढला. त्या वेळेपुरतं तेवढंच झालं.

पलंग

खोली जोडप्यासाठी सजवलेली होती. कंपनीनं नावं कळवली तेव्हा जोडीच कळवली होती. पलंग एवढा मोठा की त्यावर आमच्या घरातली सगळी झोपली असती. पांढऱ्या चादरीवर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, आणि टॉवेलचे दोन राजहंस एकमेकांच्या चोचीला चोच लावून बसलेले.

आत्यांनी ते बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

"ही दोन बदकं कशापायी?"

"टॉवेल आहेत आत्या. आंघोळीचे."

त्यांनी एक हंस शेपटीला धरून उचलला तसा तो सुटला आणि साधा टॉवेल झाला. मग त्यांनी पदर पसरून पाकळ्या गोळा केल्या. फूल वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. गोळा केलेल्या पाकळ्या त्यांनी न्हाणीघरातल्या काचेच्या वाडग्यात टाकल्या. त्या वाडग्यात आधी साबणाच्या वड्या होत्या, हे मला नंतर कळलं.

खरी पंचाईत झोपायची. आमच्याकडं सून सासूच्या बरोबरीनं बाजेवर बसतही नाही, मग एका पलंगावर झोपणं दूरच. मी खाली गालिच्यावर अंथरलं. आत्या म्हणाल्या, "थंडीची तू खाली आन् मी वर, बरं दिसंल का?" म्हणून त्याही खाली आल्या. मी म्हणाले, मग तुम्ही तरी वर जा. त्या म्हणाल्या, तू जा. शेवटी दोघी खाली झोपलो आणि पलंग मोकळा राहिला. सकाळी खोली आवरायला आलेला माणूस पलंगाकडं बघून घाबरला. हिंदीत विचारायला लागला, मॅडम, गादीत काही खराबी आहे का, मॅनेजरना बोलावू का. मी सांगितलं, गादी उत्तम आहे, आमच्याकडंच जागा नव्हती. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली. भारीतल्या हॉटेलातल्या माणसांना न कळता मान डोलवायची चांगली सवय असते.

आत्यांनी आंघोळ केली. बाहेर आल्या तेव्हा कपाळावर नुसतं गोंदण होतं.

न्याहारी चौकात मांडलेली. ज्यानं त्यानं आपल्या हातानं वाढून घ्यायचं. आमच्याकडं परक्या घरी आपल्या हातानं भांड्यातून घेणं म्हणजे त्या घरच्या बाईचा अपमान. आत्या बसून राहिल्या, कुणी वाढायला येईल म्हणून. उलट वेटरला वाटलं, या बाईंना भूक नाही. भगवानराव तर दोनदा ताट भरून आले होते. शेवटी मी वाढून आणलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढं मोठं घर आन् 'जेवा' म्हणायला एक माणूस न्हाई."

मागचं दार

त्या दिवशी आमेरचा किल्ला आणि हवामहल झाला. किल्ला चांगला आहे, पण आपल्याकडं किल्ला म्हणजे चढणं, आणि तिथं किल्ला म्हणजे आरसे. हवामहल रस्त्यावरून बघितला. एवढ्या खिडक्या बघून आत्या थांबल्या. मी सांगितलं, राजघराण्यातल्या बायकांना कुणी बघू नये आणि त्यांना रस्ता दिसावा म्हणून बांधलाय, मागं फारसं काही नाही.

"नुसतं तोंडच हाय व्हय? आन् तेबी झाकलेलं," आत्या म्हणाल्या आणि बसकडं चालायला लागल्या.

दिवस कलताना गल्लीतून परत येत होतो, तर लांबूनच दिसलं: छोटं दार उघडं, आत दिव्याचं ताट घेऊन किरण. संध्याकाळी बाहेरून येणाऱ्यांना पुन्हा टिळा असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. आत्यांचे पाय थांबले.

"दुसरं दार आसंल की गं. एवढ्या घराला एक दार कसं?"

हवेलीला वळसा घालून मागच्या बोळात गेलो. शेणाचा वास, भाजीचे क्रेट, एक लोखंडी दार अर्धवट उघडं. आत शिरलो ते थेट भटारखान्यात. दहा-बारा आचारी कामाला लागलेले, सगळ्यांनी एकदम वर बघितलं. हॉटेलचे पाहुणे कधी या बाजूनं आलेले नसणार. मी हिंदीत जुळवाजुळव केली, म्हणाले, माताजींना बाजरीची भाकरी कशी करतात ते बघायचंय. कारण समोर एकजण तीच थापत होता.

त्यांनी पाटावर बसवलं. भाकरी आपल्यापेक्षा जाड, चुलीवरून उतरली की अंगठ्यानं तिला खड्डे पाडायचे आणि त्यात तूप ओतायचं, वर गूळ. बरोबर सांगरीची भाजी, वाळलेल्या शेंगांची, दिसायला काडीकचरा आणि चवीला झकास. म्हातारा आचारी आमच्यासमोर उभाच होता. आत्यांनी हात आखडला की म्हणायचा, "माजी, एक और." त्या नको म्हणायच्या, तो वाढायचा. त्या घरात आत्या पोटभर जेवल्या त्या याच जागी.

वर मात्र गोंधळ. किरणकडं सगळ्यांची मोजणी झालेली आणि आम्ही दोघी आलोच नव्हतो. कंपनीचे साहेब गल्लीत जाऊन हाका मारून आले होते. आम्ही भटारखान्याच्या जिन्यानं चौकात उगवलो तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुम्ही आलात कुठून?"

"जेवूनच आलो," आत्या म्हणाल्या.

शकुमावशींना मात्र कारण बरोबर कळलं. त्या हसल्या. "बरं केलंत अक्का. चूक एकदा व्हती मानसाची, दुसऱ्यांदा व्हऊ न्हाई."

एरवी शकुमावशींना लगेच उत्तर देणाऱ्या आत्या पदरानं हातावरचं तूप पुसत खोलीकडं निघाल्या.

जाळीची खोली

दुसऱ्या दिवशी दुपारी हवेलीच्या मालकानं सगळं घर फिरवून दाखवलं. तरुण माणूस, जीन्स घातलेला. त्याच्या पणजोबांच्या वडिलांनी हवेली बांधली. मधे कित्येक वर्षं कबुतरं आणि खटले यांच्याच ताब्यात होती. मग यानं चुना, रंग, लाकूड सगळं जुन्या पद्धतीनं करून घेतलं. सांगताना त्याचा हात सारखा भिंतीवरून फिरत होता. मला ते आवडलं. आपलं घर आपण उभं केलं, हे सांगायला लाज कशाची?

बैठक बघितली, पुरुषांचा चौक बघितला, बायकांचा चौक बघितला. तळमजल्यावर कोपऱ्यात एक ठेंगणी खोली होती. आत तेलाचा सुवास, दोन उंच बाकं, त्यांवर पांढरे टॉवेल. तो हिंदीत म्हणाला, इथं मसाज असतो. पूर्वी घरातल्या विधवा इथं राहायच्या.

सगळे पुढं सरकले. आत्यांनी माझा दंड धरला. "काय म्हणाला?"

मी सांगितलं.

"इचार त्याला. घरात लगीन असलं म्हंजी त्या कुठं बसायच्या?"

मी विचारलं. त्यालाही असं कुणी विचारलं नसावं. जरा आठवून त्यानं भिंतीकडं बोट केलं. तिथं जमिनीपासून हातभर उंचीवर दगडात कोरलेली छोटी जाळी होती. लग्नं बाहेरच्या चौकात व्हायची, तो म्हणाला. त्या इथून बघायच्या, असं आजी सांगायची.

आत्या खाली बसल्या. पदर सावरून त्यांनी जाळीला डोळा लावला. बाहेर चौकात संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडत होते, मेंदीवाल्या बायका आल्या होत्या, आणि आमच्या डीलरांच्या बायका गोळा होऊन हसत होत्या. आत्या बराच वेळ बघत राहिल्या. मालक घड्याळाकडं बघायला लागला.

"इथून पाय दिसत्यात," आत्या म्हणाल्या. "तोंडं न्हाई दिसत."

त्या उठल्या आणि आम्ही गच्चीवर गेलो. गच्चीवरून सगळं शहर दिसतं, टेकडीवरचा किल्ला दिसतो, पतंग तर किती. आत्यांनी त्यातलं काही बघितलं नाही. कठड्याला टेकून बसल्या.

"तुझ्या लग्नात, माझ्या पैल्या लेकाला हळद लागली तवा मी कुठं व्हते, ठाव हाय?"

मी आठवायला लागले. आठवेना. मला मांडव आठवत होता, मोठ्या आत्या आठवत होत्या, आत्या कुठं आहेत हे मी तेव्हा बघितलंच नसणार. नवऱ्या मुलीला काय दिसतं?

"चुलीवं. पुऱ्या तळत. गाणी ऐकू येत व्हती. थोरली हळद लावतीया आन् ह्यो हसतोय, तेबी ऐकू येत व्हतं. लहानपणापस्नं मानंला हात लागला की हसायचा."

"मग आता बाळूभाऊजींना तुम्ही लावा ना."

"तुला सोपं हाय. मला रीतीचं काय न्हाई गं, थोरलीचं बी न्हाई. मला भ्या वाटतं. पोरांचा बाप असाच चालताबोलता गेला. मागनं समदी म्हणाली, हौसाचा पायगुण. आता माझ्या हातानं पोराला काय झालं तर?"

यावर बी.ए.ला काही शिकवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "आत्या, मिस्टरांना हळद मोठ्या आत्यांनी लावली होती. तरी ते मोटारसायकलवरून पडलेच की."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हसल्या. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा. "त्यो नीट चालवत न्हाई म्हणून पडला," म्हणाल्या.

खाली मेंदी सुरू झाली होती. त्या तिकडं गेल्या नाहीत. मी गेले. मेंदी मला आवडते आणि फुकटची कशाला सोडायची?

निघताना

निघायच्या सकाळी थंडी फार होती. बॅगा दारापाशी रचल्या. पाहुणा निघतानाही त्या घरी टिळा लावून वाटेला लावतात. किरण ताट घेऊन उभी, आम्ही रांगेत. आत्या माझ्या पुढं. या वेळी त्या मागच्या दाराचं काही बोलल्या नव्हत्या. मीही विचारलं नव्हतं. डोक्यावरचा पदर त्यांनी जरा मागं सारला होता.

किरणनं भगवानरावांना टिळा लावला, शकुमावशींना लावला. मग ताट आत्यांच्या समोर आलं, थांबलं आणि पुढं सरकलं. किरणनं मान खाली घातली, हात जोडले आणि हिंदीत म्हणाली, "माफ करना माँजी, उस दिन मुझे मालूम नहीं था." आणि माझ्या कपाळाकडं बोट नेलं.

कुणी सांगितलं असेल हे विचारायची गरज नव्हती. शकुमावशी बॅगेची चेन लावत होत्या, लागलेलीच चेन पुन्हा.

किरणचा काही दोष नाही. तिला कुणी तरी चूक दाखवली आणि तिनं सभ्यपणानं ती सुधारली. मी मान मागं घेतली. टिळा लावून घेतला नाही. पण बोलायचं नाही असं ठरवलं. हे बोलायचं काम माझं नव्हतं.

आत्या रांगेतून हलल्या नाहीत. मागं साहेब आणि बाकीचे खोळंबले.

"वैशे, काय म्हणाली ती?"

"म्हणाली, त्या दिवशी माहीत नव्हतं, माफ करा."

"तिला म्हणावं, आता माहीत झालं न्हवं? आता लाव."

"अक्का," शकुमावशी म्हणाल्या, "आवं, काय करताय? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजी तूच की शकू. तू म्हणून घे." मग माझ्याकडं वळून, "सांग की तिला. का हिंदी इसरलीस?"

मी किरणला सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा साहेबांकडं. साहेब छताची वेलबुट्टी बघत होते. तिनं बोट कुंकवात बुडवलं. आत्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा जबडा घट्ट आवळलेला होता, इंजेक्शन घेताना माणसाचा असतो तसा. टिळा लागला, तांदूळ लागले. आत्यांनी डोळे उघडले, किरणच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि वाकून छोट्या दारातून बाहेर गेल्या.

परतीच्या गाडीत शकुमावशी दुसऱ्या डब्यात जाऊन बसल्या. नगर मागं पडल्यावर आत्या म्हणाल्या, "देवकाला थोरलीच बसू दे. तिथं जोडी लागती, तिचा मान हाय. हळद मी लावणार. तू मधी बोलायचं न्हाई. तू बोललीस की समद्यांना वाटतं, सुनंनं शिकवलं."

मला ते लागलं. पण खरं होतं.

पुन्हा कासुर्डी

हळदीच्या दिवशी काय झालं ते सांगून संपवते, कारण जयपूरचं विचारणाऱ्या बायका शेवटी येतात तिथंच.

मोठ्या आत्यांना सगळं आधीच पोचलं होतं. त्या भांडल्या नाहीत. देवक बसवलं, आणि हळदीची वेळ झाली तशा उठून मांडवाबाहेर जाऊन बसल्या. शकुमावशी त्यांच्यामागं गेल्या. त्यांच्यामागं आणखी काही सवाष्णी गेल्या. माझी आईही जरा वेळ उंबऱ्यात घुटमळली, हे लिहायला हवं. हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या, आणि सुरुवात कुणी करायची तेच कळेना. शेवटी शेजारच्या सरूकाकूंनी कसंबसं गाणं उचललं. ते बारीकच राहिलं.

बाळूभाऊजी पाटावर बसलेले. त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. आत्या हळदीची वाटी घेऊन समोर आल्या तेव्हा ते जरा दचकले, मग सरळ बसले. आत्यांनी वाटीत बोट बुडवलं आणि आधी एकदा मांडवाबाहेर बघितलं. कपाळाला लावली. गालाला लावली. मग त्या पुढं लावतच गेल्या, दोन्ही हातांनी, मानेला, दंडांना, पाठीला, लहानपणी उटणं लावत असतील तशी.

"आई, बास की. डोळ्यात चाललीय."

"हलू नको," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी भाऊजींच्या कानामागं हळद लावली.